बँकेचा 'मंजूर' संदेश : खरी पूर्वमंजुरी कोणती आणि जाहिरात कोणती?



या पानातून आम्ही आजवर बेणे, खत, पाणी आणि खोडवा यांवर लिहीत आलो. या वेळी विषय वेगळा आहे, पण तोही शेवटी उसाच्या पैशाशीच येऊन मिळतो. हंगाम सुरू होऊन ऊस बिले खात्यावर जमा होऊ लागली की सभासदांच्या मोबाईलवर बँकांचे संदेशही वाढतात, असे आमच्या पाहण्यात आहे. "आपले क्रेडिट कार्ड पूर्वमंजूर झाले आहे", "आपणास कर्ज मंजूर", "फक्त आपल्यासाठी खास सवलत", असा त्यांचा मजकूर असतो. यांतले काही खरे असतात, पुष्कळसे नुसत्या जाहिराती असतात आणि थोडे सरळ सरळ फसवणुकीचे असतात. ही निवड कशी करावी, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

घडलेली हकीकत

मागील गाळप हंगामात वसमत तालुक्यातील आपले एक सभासद गट कार्यालयात आले. मोबाईल पुढे करून म्हणाले, "साहेब, बँकेनं तीन लाखाचं कार्ड मंजूर केलं बघा. आता ठिबक करूनच टाकतो." दोन एकर सुरू लागणीला ठिबक करायचे त्यांच्या मनात दोन वर्षांपासून होते. आम्हालाही बरे वाटले. "छान झालं, करून टाका," असे आम्ही म्हणालो. खरे सांगायचे तर त्या घाईत तो संदेश आम्हीही नीट वाचला नाही.

सभासदांनी त्याच दिवशी ठिबकच्या दुकानात १५ हजार रुपये इसार दिला. दुकानदाराने त्यांच्या प्लॉटच्या मापाने नळ्या कापल्या. आठ-दहा दिवसांनी बँकेचे उत्तर आले, अर्ज नामंजूर. कारण काय, तर सहा-सात वर्षांपूर्वी दुचाकीचे कर्ज थकले होते आणि ते त्यांनी काही रक्कम कमी भरून तडजोडीने मिटवले होते. त्यांच्या लेखी ते मिटले, पण पतनोंदीत 'सेटल्ड' असा शेरा राहिला होता. नळ्या कापून झाल्या होत्या, त्यामुळे इसार परत मिळाला नाही. त्यात दुकानदाराचे फार चुकले असेही म्हणता येत नाही.

मग आम्ही दोघांनी बसून तो संदेश पुन्हा वाचला. मजकूर साधारण असा होता : "अभिनंदन! आपल्यासाठी ३ लाखांपर्यंतचे क्रेडिट कार्ड पूर्वमंजूर. आजच अर्ज करा. अटी लागू." सभासदांनी 'मंजूर' वाचले. 'पर्यंत', 'अर्ज करा' आणि 'अटी लागू' हे तिन्ही राहून गेले. त्या वेळी कार्यालयात बसलेल्या इतर पाच जणांनी आपापले मोबाईल पाहिले, तेव्हा तिघांकडे अक्षरश: तोच संदेश निघाला. त्यातील एकाचे तर त्या बँकेत खातेही नव्हते! बँकेने ज्याचा कागद पाहिला नाही, त्याला ती काय मंजूर करणार? त्या दिवशी हे आधी पाहिले असते तर १५ हजार वाचले असते. म्हणून हे लिहीत आहोत.

उसाच्या भाषेत सांगायचे तर

चौकातल्या फलकावर एखादी कंपनी लिहिते, "आमचे खत वापरा, एकरी १०० टन ऊस घ्या." तो फलक सर्वांसाठी असतो. आपली जमीन काळी की मुरमाड, हे त्या फलकाला ठाऊक नसते. सर्वसाधारण जाहिरात अशी असते.

दुसरी गोष्ट ऊस नोंदीची. आपले कर्मचारी प्लॉटवर येतात, क्षेत्र, जात, लागण तारीख लिहून घेतात. ही नोंद खरी, आपल्या नावाची, आपल्या प्लॉटची. पण नोंद झाली म्हणजे ऊस तुटला असे नव्हे. खरी पूर्वमंजुरी ही अशी नोंद आहे. बँकेने आपले खाते, जमा रकमा, जुनी फेड पाहून ठरवलेले असते की या माणसाला अमुक रकमेपर्यंत द्यायला हरकत नाही.

तिसरी गोष्ट तोडणी चिठ्ठी. चिठ्ठी हातात आली, टोळी फडात शिरली, की मगच गाडी काट्याकडे निघते. बँकेची अंतिम मंजुरी ही ती चिठ्ठी. फलक पाहून कोणी मुकादमाला उचल देत नाही आणि नुसत्या नोंदीवर कोणी गाडी बोलावत नाही. बँकेच्या संदेशाच्या बाबतीत मात्र आपण फलकालाच चिठ्ठी समजतो.

ओळखण्याच्या सात खुणा

१) संदेश कोणत्या बँकेचा? ज्या बँकेत आपले खाते आहे, ऊस बिल जमा होते किंवा कर्जाचे हप्ते गेले आहेत, तिला आपली माहिती असते. तिची पूर्वमंजुरी खरी असण्याचा संभव अधिक. ज्या बँकेची पायरी आपण कधी चढलो नाही, तिचा 'मंजूर' संदेश बहुधा जाहिरात समजावा.

२) रक्कम ठाम आहे की 'पर्यंत'? "आपणास ६० हजारांची मर्यादा" हा हिशोब केलेला आकडा दिसतो. "५ लाखांपर्यंत" यात शंभर रुपयेसुद्धा बसतात.

३) पुढे काय मागतात? खऱ्या पूर्वमंजुरीत बँकेकडे आपली बहुतेक माहिती आधीच असते. ती संमती मागते, ओळख पडताळते आणि अटी दाखवते. नाव, पॅन, उत्पन्न, सात-बारा असे सगळे पहिल्यापासून भरायला लावले, तर तो नवा अर्ज आहे. मंजुरी अजून व्हायची आहे.

४) पाठवणाऱ्याच्या नावाचे शेवटचे अक्षर पाहावे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०२५ च्या नियमाप्रमाणे व्यावसायिक संदेश पाठवणाऱ्याच्या नावापुढे आडवी रेघ आणि एक इंग्रजी अक्षर येते. 'पी' म्हणजे जाहिरात, 'एस' म्हणजे सेवेचा संदेश, 'टी' म्हणजे व्यवहाराचा आणि 'जी' म्हणजे सरकारी. 'पी' असले म्हणजे संदेश खोटा असे नव्हे, पण ते मंजुरीपत्र नव्हे एवढे नक्की. साध्या दहा आकडी मोबाईल क्रमांकावरून 'मंजुरी' आली तर ती बँकेची धरू नये.

५) फोन कोणत्या क्रमांकावरून? रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये बँकांना सांगितले आहे की सेवा व व्यवहाराचे फोन १६०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकावरून आणि जाहिरातीचे फोन १४० ने सुरू होणाऱ्या क्रमांकावरून करावेत.

६) दुवा कोणता? संदेशातील निळ्या अक्षरांवर बोट ठेवण्याआधी पत्ता वाचावा. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये बँकांना आपली संकेतस्थळे 'डॉट बँक डॉट इन' या शेवटाच्या पत्त्यावर नेण्यास सांगितले. पत्त्याचा शेवट वेगळाच असेल तर हात आखडता घ्यावा. खरे तर दुवा उघडूच नये. बँकेचे ॲप स्वत: उघडावे किंवा शाखेत जावे. खरी पूर्वमंजुरी असेल तर ती तिथेही दिसते.

७) आधी पैसे मागतात काय? "फाईल चार्ज", "विम्याचा हप्ता", "जीएसटी आधी भरा" असे म्हणून कोणी वैयक्तिक खात्यावर किंवा क्यूआर कोडवर पैसे मागितले, तर विचार करत बसू नये. ती फसवणूकच आहे.

या सात खुणांत एक सोपी आठवी खूण आमच्याकडून : शेजाऱ्याचा मोबाईल पाहावा. तोच मजकूर, तोच आकडा त्याच्याकडेही असेल, तर तो चौकातला फलक आहे.

खरी असली तरी शेवटची नव्हे

समजा सर्व खुणा जुळल्या आणि पूर्वमंजुरी खरी निघाली. तरीही ती अटींवरच असते. यादी काढल्यानंतर आपले एखादे कर्ज थकले, केवायसी अपुरी निघाली, देकाराची मुदत संपली किंवा पतनोंदीत जुना शेरा निघाला, तर बँक नकार देऊ शकते.

आपल्यापैकी काहींची मुले, पुतणे अमेरिकेत नोकरीला आहेत. त्यांच्याकडेही अशी पत्रे पोत्याने येतात. पण तिथे १९७० चा पतनोंदीचा कायदा आहे. त्यातील पुढच्या सुधारणांनुसार, पतनोंद ठेवणाऱ्या कंपनीकडून निवडक लोकांची यादी घेऊन पत्र पाठवायचे असेल, तर तो देकार ठाम असावा लागतो. ज्या निकषांवर नाव निवडले ते निकष माणूस पुढेही पुरे करत असेल, तर देणाराला मागे फिरता येत नाही. अशी पत्रे नको असतील तर ती कशी बंद करावीत, हेही त्या पत्रातच सांगावे लागते. आपल्याकडे मात्र 'पूर्वमंजूर' या शब्दामागे असे बंधन आहे असे धरून चालू नये. शब्द मोठा असला तरी वजन अटींचे असते.

म्हणून नियम एकच ठेवावा : कार्ड हातात येईपर्यंत किंवा रक्कम खात्यावर दिसेपर्यंत कोणाला इसार देऊ नये, शब्द देऊ नये.

अर्जावर अर्ज करू नयेत

"बघू तरी, मिळालं तर मिळालं," असे म्हणून काही जण येईल त्या संदेशावर अर्ज करतात. प्रत्येक अर्जाच्या वेळी बँक आपली पतनोंद मागवते आणि त्या चौकशीची नोंद राहते. आपल्या देशात सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या पतनोंदी ठेवतात. गुणांक ३०० ते ९०० च्या दरम्यान असतो. थोड्या दिवसांत चार-पाच चौकश्या दिसल्या की हा माणूस पैशाच्या नडीत आहे असा समज होतो आणि गुणांक खाली येऊ शकतो. पुढे खरी गरज पडते, ट्रॅक्टर घ्यायचा असतो, मुलीच्या शिक्षणाला कर्ज हवे असते, तेव्हा ते आडवे येते.

या चारही कंपन्यांकडून प्रत्येकास वर्षातून एकदा आपला संपूर्ण अहवाल फुकट मिळतो. तो जरूर काढावा. त्यात जुने कर्ज बंद दाखवले आहे का, 'सेटल्ड' शेरा आहे का, आणि मुख्य म्हणजे आपण न घेतलेले कर्ज आपल्या नावावर नाही ना, हे पाहावे. २०१७ मध्ये शेजारच्या परभणी जिल्ह्यात, गंगाखेड भागात, शेतकऱ्यांच्या कागदपत्रांवर त्यांना न कळता कर्जे उचलल्याच्या तक्रारी झाल्या होत्या आणि प्रकरण पोलिसांत गेले होते. अहवाल पाहण्याची सवय असेल तर अशी गोष्ट बँकेची नोटीस येण्याआधीच कळू शकते.

अर्ज नामंजूर झाला तर गप्प बसू नये. क्रेडिट कार्डाचा अर्ज नाकारल्यास मुख्य कारण लेखी कळवणे बँकेवर बंधनकारक आहे. ते मागून घ्यावे.

न मागता कार्ड आले तर

रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये घालून दिलेल्या नियमांप्रमाणे ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय क्रेडिट कार्ड देता येत नाही. न मागता कार्ड देऊन त्याचे बिल लावले, तर बँकेने ती आकारणी उलटवायची आणि उलटवलेल्या रकमेच्या दुप्पट दंड ग्राहकाला द्यायचा, असा नियम आहे.

इथे एक बारीक गोष्ट आहे. कार्ड दिल्यापासून ३० दिवसांत ते सुरू झाले नाही, तर बँकेने ओटीपीद्वारे ग्राहकाची संमती मागायची असते. संमती दिली नाही तर विचारणा केल्यापासून कामकाजाच्या ७ दिवसांत ते खाते फुकट बंद करायचे असते. म्हणजे तो ओटीपी हीच आपली सही आहे. "कार्ड बंद करण्यासाठी नंबर सांगा," असे फोनवर कोणी गोड बोलून विचारले आणि आपण सांगितला, तर 'हो' म्हटल्यासारखे होते. ओटीपी कोणालाही सांगू नये. गट कार्यालयात येऊन आम्हालाही सांगू नये.

किसान कार्ड वेगळे, क्रेडिट कार्ड वेगळे

सर्वांत मोठा घोटाळा इथे होतो. दोन्हींना 'कार्ड' म्हणतात, दोन्ही दिसायला सारखी. सभासद म्हणतात, "आमच्याकडं एक कार्ड हायेच, अजून एक आलं तर काय बिघडलं?"

किसान क्रेडिट कार्ड १९९८ साली सुरू झाले. ते पीककर्जाचे कार्ड आहे. केंद्राच्या व्याज सवलतीमुळे ३ लाखांपर्यंतचे पीककर्ज ७ टक्क्यांनी मिळते आणि वेळेवर फेडणाऱ्यास ते ४ टक्क्यांनी पडते. राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत वेळेवर फेडणाऱ्यास आणखी सूट मिळते. फेडीची मुदतही पिकाच्या हंगामाप्रमाणे असते.

बाजारातील क्रेडिट कार्डाचे बिल दर महिन्याला येते. पूर्ण बिल मुदतीत भरले तर खरेदीवर व्याज नाही, हे खरे. पण राहिले तर अनेक कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला सुमारे ४२ टक्के व्याज लागते. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये अशा थकबाकीवर वर्षाला ३० टक्क्यांहून अधिक व्याज घेणे अनुचित ठरवले होते. पण २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. तेव्हा ती मर्यादा आज नाही.

हिशोब पाहा. ५० हजार रुपये कार्डावर राहिले. एका महिन्याचे व्याज साडेतीन टक्क्यांनी १,७५० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी ३१५ रुपये. एकूण २,०६५ रुपये. आता तेच ५० हजार पीककर्जाचे असतील, तर ४ टक्क्यांनी वर्षाचे व्याज होते २,००० रुपये. म्हणजे पीककर्जाला जे वर्षभरात लागते, त्याहून अधिक कार्डाला एका महिन्यात लागते. "किमान रक्कम भरा" म्हणून आपण २,५०० रुपये भरले, तर मुद्दलातून कमी झाले फक्त ४३५ रुपये.

आणखी एक. किसान कार्डाने एटीएममधून रोख काढायची आपल्याला सवय आहे. क्रेडिट कार्डाने रोख काढली तर वेगळी फी लागते आणि व्याज त्याच दिवसापासून सुरू होते. सवयीने हात तिकडे जाऊ देऊ नये.

आपला ऊस वर्षातून एकदा तुटतो, आडसाली असेल तर सोळा-अठरा महिन्यांनी. पैसा तेव्हाच येतो. कार्डाचे बिल मात्र दर महिन्याला दारात उभे. ज्या घरात दुधाचा, पगाराचा किंवा दुकानाचा दरमहा पैसा येतो आणि बिल पूर्ण भरण्याची शिस्त आहे, त्यांनी कार्ड जरूर घ्यावे, आमची हरकत नाही. ज्यांची सगळी भिस्त ऊस बिलावर आहे, त्यांनी खरी पूर्वमंजुरी आली तरी दहा वेळा विचार करावा. घ्यायचेच ठरले तर व्याज, फी व अटींचे एका पानाचे माहितीपत्रक अर्जासोबत मागून घ्यावे आणि घरातील शिकलेल्या मुला-मुलीकडून वाचून घ्यावे.

तक्रार कुठे करावी

जाहिरातीचे फोन व संदेश नको असतील तर १९०९ वर नोंद करावी. बँकेविरुद्ध तक्रार असेल तर आधी बँकेकडे लेखी द्यावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते. त्याची माहिती १४४४८ या क्रमांकावर मिळते. फसवणूक होऊन पैसे गेले तर एक क्षणही न दवडता १९३० वर फोन करावा. जितका उशीर, तितके पैसे हाताबाहेर जातात.

ज्या सभासदांची हकीकत वर सांगितली, त्यांनी पुढे आपला अहवाल काढला, दुचाकीच्या कर्जाची राहिलेली रक्कम भरली आणि बँकेकडून नादेय दाखला घेतला. नोंद दुरुस्त करून घेण्याचे काम चालू आहे. ठिबकचे काम सध्या राहिले आहे, ते अनुदानाच्या मार्गाने करावे असे ठरले आहे. "साहेब, पंधरा हजाराला एक शब्द शिकलो, 'पर्यंत'," असे ते म्हणाले. आम्हीही शिकलो. आता कोणी मोबाईल पुढे केला की आधी वाचतो आणि मग बोलतो.

तरी सभासदांना नम्र विनंती की असा संदेश आल्यास घाई करू नये. आठवडी बैठकीच्या दिवशी गट कार्यालयात यावे, सर्व मिळून वाचू. इसार मात्र त्यानंतरच द्यावा.

कळावे,
आपला,
ऊस विकास अधिकारी
शेतकी विभाग